रांजणातली माती

१८ नोव्हेंबर १९७९
आज पुन्हा भांडण! माडीवर राहतो, अंगण नाही, म्हणून काय मेथीसुद्धा विकतच खायची? आमचे हे मिलमधून आले नि डबे बघून म्हणतात, "गच्चीवर पसारा मांडशील तं मालकीण बोलंन." बोलू दे! डालड्याच्या पाच डब्यांना बुडाला भोकं पाडली, एक फुटकं घमेलं मिळालं. आता माती हवी. हिंगणघाटात गिरणीचा धूर फुकट मिळतो, माती नाही.

पाचवा महिना लागला. आधीची दोन राहिली नाहीत. हे एवढं राहू दे रे देवा, बाकी काही मागत नाही.

२१ नोव्हेंबर
गच्चीच्या कोपऱ्यात एक रांजण आहे, काठोकाठ मातीने भरलेला. त्यात लावलेलं काहीच नाही! आमच्या आधी या खोलीत राहणाऱ्या कमलाबाईंचा म्हणे. घरमालकीण देवकाबाई बजावून गेल्या, "जयवंता, त्याले हात नको लावजो." काऊन? तर म्हणे, "तिचा हाये. ती नेईन तवा नेईन."

अशी काळी, मऊ माती आणि नुसती पडून! जीव जळतो.

२५ नोव्हेंबर
देवकाबाई आंजीला लेकीकडे गेल्या. केला रिकामा रांजण! तळाशी एक छोटं मडकं निघालं, पालथं. आत काळी भुकटी आणि केसांसारखी मुळं. कुणी बियाणं ठेवलं असेल, सडलं असेल. खत म्हणून तेही कालवलं, डब्यांत भरलं, मेथी फेकली. रांजणात गिरणीकडची राख भरून वर मूठभर माती पसरली. कोणाला काय कळतंय!

२७ नोव्हेंबर
मेथी वर आली — वीतभर! हे हसले, "तुया हाताले गुण हाये." पण दोन दिवसांत? आणि मी आज पाणी घातलंच नव्हतं. माती ओली होती. एवढ्या थंडीत डबे कोमट लागले.

२ डिसेंबर
माती खावीशी वाटते. आई म्हणायची, पोटुशी बाई भिंतीची माती खातेच, त्यात काय! पण मला भिंतीची नको. डब्यातलीच हवी. आज चिमूट घ्यायला गेले, मूठ कधी संपली कळलं नाही. लिहायलाही लाज वाटते.

खाल्ल्याबरोबर पोटात हललं. पहिल्यांदा! रडलेच मी.

१४ डिसेंबर
मेथी खुडावी तेवढी पुन्हा येते. दुधाचा वास येतो तिला. यांना येत नाही.

६ जानेवारी १९८०
कमलाबाई आल्या, रांजण न्यायला. हात घातला तर राख! मीच सगळं सांगून टाकलं. रांजण कवटाळून रडायला लागल्या.

"माया पोराची वार होती त्याच्यात. आंगण नोतं, तं दाईनं रांजणात पुरली. मंग माया चंद्रभानच गेला. तेवढंच राह्यलं होतं त्याचं."

माझ्या माहेरी, रोहण्यालाही बाळंतिणीची वार अंगणात पुरतात. मला माहीत नाही का? पण रांजणात! डोक्यातच आलं नाही. त्यांचे पाय धरले.

त्या डब्यांकडे बघत होत्या. "खाल्लं काय तू?"

"हो. भाजीबी अन् मातीबी."

त्यांचं रडं एकदम थांबलं. माझ्या पोटावर हात ठेवून बसल्या, तर उठेचनात. रांजण तिथेच सोडला. जाताना एवढंच म्हणाल्या, "खात जाजो." हसत होत्या. मला ते हसू आवडलं नाही.

९ जानेवारी
डबे नदीत टाकून या म्हणून यांना सांगितलं. हे उचलायला गेले आणि मीच आडवी झाले. टाकले आणि पोटातलं हेही राहिलं नाही तर?

पाणी घातलं. भीती वाटते. खाल्लीही.

२७ एप्रिल
काल मुलगा झाला. रडला नाही. टक्क डोळे उघडून दाराकडे बघत राहिला. कोणी कळवलं नव्हतं तरी आज सकाळी कमलाबाई दारात, हातात जुनं झबलं.

"चंद्रभान, चाल बाप्पा घरी," म्हणाल्या.

माझ्या मांडीवरून त्याने दोन्ही हात त्यांच्याकडे केले.