समीक्षाचं वाढलेलं वजन

२ जानेवारी १९९६
अंगणवाडीचा पहिला महिना. पेणहून नऊच्या एसटीने खाडीकाठी. एकवीस मुलांची वजनं केली. मैनाची समीक्षा, वय दोन, ७.१ किलो. कुपोषणाची तिसरी श्रेणी, म्हणून दुप्पट खाऊ. आकडा मुद्दाम मोठ्याने वाचला. लाज वाटली तरच या आया सुधारतील.
संकल्प: महिन्याभरात समीक्षा दुसऱ्या श्रेणीत. रजिस्टरमध्ये खाडाखोड नाही. चौथीपर्यंत बाबांनीच घरी शिकवलं. एक अक्षर खोडलं की अख्खं पान पुन्हा लिहावं लागे.

५ जानेवारी
समीक्षाला ताप. मैना म्हणते, "बाई, तुमी आकडा मोठ्यान बोललाव, त्याचीच नजर लागली." काय हे अज्ञान! एकविसावं शतक चार वर्षांवर आलंय.

१० जानेवारी, स. ११
'माता आणि आहार' भाषण. नऊ पानं, फेअर करून. हजर: दोन म्हाताऱ्या, एक शेळी. बाकी सगळ्या मिठागरावर. मदतनीस ठमाबाई म्हणाल्या, "सांजच्याला ठेव गो. मीठ काय तुज्यासाठी थांबतंय?" संध्याकाळी थांबले तर माझी एसटी चुकते. शिवाय वेळापत्रकात अकराच आहे. या बायकांना मुलांची पर्वाच नाही.

१५ जानेवारी
ठमाबाई समीक्षाला घरची भाकरी आणि जवळा भरवत होत्या. रंगेहाथ पकडलं. नियमात फक्त सुकडी आहे. बंद करायला लावलं. पोरगी रडली. शिस्त लागताना रडायचीच.

२ फेब्रुवारी
समीक्षा ७.४५! मैनाने झबलं काढू दिलं नाही, "थंडी हाय" म्हणे. मी झबल्याचे पन्नास ग्रॅम वजा केले. इतका काटेकोरपणा कोण करतं? ७.४, दुसरी श्रेणी. नियमाप्रमाणे दुप्पट खाऊ बंद. आभार मानायचे सोडून मैना पुटपुटत गेली. भाषण न ऐकता हा परिणाम, ऐकलं असतं तर!

१९ फेब्रुवारी
तालुक्याहून मॅडम वजनं तपासायला आल्या; आयांना कालच निरोप दिला होता. यशाचं उदाहरण म्हणून समीक्षाला पुढे केलं. मॅडमनी आधी झबलं उतरवलं. कमरेला कापडात बांधलेलं दोन मुठी खडेमीठ. मैना म्हणाली, "बाई आकडा वरडून सांगतात. परत नजर लागाया नको, म्हणून वजनाच्या दिवशी बांधते."
पुरचुंडी तोलली. चारशे ग्रॅम. म्हणजे तेव्हाचे ७.४ खरे ७.०. आज पोरगी ६.८.
खाऊ कधीपासून कमी केला, मॅडमनी विचारलं. सतरा दिवस, म्हटलं. त्यांनी आकडा लिहून घेतला. ठमाबाई गप्प बसतील तर ना. "गो बाय, मिठाला दुसरी श्रेणी दिलीस तू!"

२० फेब्रुवारी
७.४ खोडलं. ७.० लिहिलं, खाली कालचं ६.८. पान तसंच ठेवलं. समीक्षाचा दुप्पट खाऊ आजपासून सुरू.
ठमाबाईंना म्हटलं, उद्या भाकरी-जवळा आणलात तर माझं लक्ष नसेल.
म्हणाल्या, "तुजं लक्ष व्हतंच कवा गो?"