तिन्ही संस्थानांचा एक परवाना

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. अक्षरं मी म्हातारपणी सुनेकडून शिकले, म्हणून हे आत्ता लिहितेय.

लढाईत धान्याची टंचाई पडली आणि आपल्या भोवतालच्या तिन्ही संस्थानांनी मिळून ठरवलं, की बाहेरचं माणूस आत घ्यायचं ते एकाच नियमाने. परवाना तिघांचा मिळून एक, आणि एकाने अडवलं त्याला बाकीच्या दोघांनीही अडवायचं. त्याआधी आपली मेंढरं सकाळी एका संस्थानात चरायची, दुपारी दुसऱ्यात पाणी प्यायची, कुणी हटकत नव्हतं. परवान्यासाठी कारकुनाने घरची माणसं विचारली. तुम्ही भाऊ सांगितलेत, मुलं-सुना सांगितल्यात, कुत्रीसुद्धा सांगितलीत. मला वगळलंत. लेक परक्याचं धन, दिलेली लेक घरात मोजत नाहीत. त्याचा राग मी कधीच सोडून दिला.

राग आहे तो हद्दीवरच्या नाक्याचा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्या महिन्यात मी दिराबरोबर चालत आले. धनगरांची तोंडं ओळखायला तिथं तुम्हालाच बसवलेलं. तुम्हाला बघून इतकं हायसं वाटलं, की मी गाठोडं खाली ठेवलं. शिपायाने विचारलं, ही तुमच्या घरची का. कागदावर नसलेल्या माणसाला आपलं म्हटलं तर सगळ्या कळपाचा परवाना जाणार होता, तोही तिन्हीकडचा. तुम्ही मातीकडे बघत म्हणालात, "न्हाई. कागदावर न्हाई ती."

मी म्हणाले, "आवं आबा, मी हाय."

तुम्ही मान वर केली नाहीत. दिराने गाठोडं उचललं. मी बाळंत सासरीच झाले, आणि माहेर मेलं का तुझं, हे सासूकडून वर्षभर ऐकलं. मेंढरं वाचली, माझे भाऊ जगले, हे मला कळतं. कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही. तुम्ही मेंढरांसाठी मला टाकलंत. पुढे संस्थानं गेली, नाकी उठली, मी पोर घेऊन आले तेव्हा तुम्ही विट्याच्या बाजारातून हिरवं लुगडं आणलंत, पण त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाहीत.

हे पत्र घरात ठेवायचं नाही, सून वाचेल. आईलाही तुम्ही काही सांगितलं नव्हतंत, ते मला ती अंथरुणाला खिळल्यावर कळलं. तिने विचारलं, पहिलटकरीण असून आईकडं आली न्हाईस, ती का? मी म्हणाले, चालवत नव्हतं, मी निघालेच नाही. ती माझ्यावर रुसूनच गेली, आबा.