खिजगणतीत नसलेली

सोमवार, २ जून

नोकरी पक्की. प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंनी आज स्वतः दारात येऊन सांगितलं आणि माझं टेबल दाखवलं. खिडकीजवळचं! त्यांना इथे सगळे ताई म्हणतात, मीही लगेच म्हणायला लागले.

इथे संगणकात एक हृदय आहे. मांसाचं नाही, समीकरणांचं. पेशीत क्षार कसे शिरतात, बाहेर कसे पडतात, त्यातून ठोका कसा उठतो, सगळं गणितात मांडलेलं. त्याला तिथेच औषध द्यायचं आणि ठोका कसा बदलतो ते बघायचं. कुणीतरी हौसेने स्पीकर जोडलाय, त्यामुळे दिवसभर टक-टक चालू असते. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे संख्याशास्त्रज्ञ, सगळ्यांचे मास्तर, म्हणाले की हे हृदय इतकं शिस्तीत चालतं कारण त्याला ना साहेब आहे ना सासू. मी हसले. तर म्हणाले, हसून घे, पहिल्या आठवड्यात सगळेच हसतात.

संध्याकाळी आईला फोन केला. तिने विचारलं ते फक्त जेवणाचं.

बुधवार, ४ जून

माझं काम असं: नव्या औषधाच्या चाचणीत बाराजणांच्या छातीला तारा लावून ठोके नोंदवले होते. आपलं मॉडेल, म्हणजे संगणकातलं हे हृदय, त्या बाराजणांशी जुळतं का, ते पाहायचं. जुळलं की औषध मंजुरीला जाणार.

अकराजणांशी छान जुळतं. बारावी मात्र आडमुठी. तिला घेतलं की सगळं वाकडं होतं. मास्तरांनी मानही वर न करता सांगितलं की तिची तार सैल होती, वगळून टाक, मी आणि ताईंनीही तेच केलं. प्रत्येकाने नव्याने जुळवून बघायचं अशी इथली पद्धत आहे, म्हणजे वगळायचंही प्रत्येकानेच.

मी ‘वगळा’ दाबलं. रेषा अशी बसली की बघत राहावं! ताईंनी पाठीवर थाप मारली, चहा मागवला.

शुक्रवार, ६ जून

माणसाच्या खऱ्या ठोक्यांतून मॉडेलचे ठोके वजा केले की मागे फक्त धूळ उरायला हवी. इकडेतिकडे विखुरलेली, अर्थ नसलेली. माझ्याकडे अकराही जणांत एकच आकार उरतोय. तीन ठोके, लांब खंड, मग घाईघाईने दोन.

माझीच चूक असणार म्हणून सगळं पुन्हा केलं. तोच आकार. गंमत म्हणून स्पीकरवर लावला. मास्तर आधी म्हणाले, वा, नवीन चाल बसवलीस. मग त्यांचा पेन हातातून सुटला. म्हणाले, हे तर बारावीचे ठोके.

मग त्यांनीच सांगितलं, बारावी म्हणजे ताईंची वहिनी, सख्ख्या भावाची बायको. चाचणीला माणूस कमी पडत होतं, म्हणून ताईंनी तिला घरातूनच आणलं. औषध घेतल्यावर वहिनी रोज सांगायची की जिना उतरताना शेवटची पायरीच नसावी, तसं छातीत होतं. ताई म्हणायच्या, वहिनींना नाटकं करायची जुनी हौस आहे. वहिनी उठता बसता एकच म्हणायची: मला कोण खिजगणतीत धरतंय! सगळ्यांना ते पाठ झालं होतं. तिची नक्कल करून हसायचेसुद्धा.

चाचणी संपली आणि वहिनी घराच्या जिन्यातच कोसळून गेली. तार सैल नव्हती. मास्तरांनी स्वतः तपासली होती.

सोमवार, ९ जून

ताईंना सांगितलं की बारावीला परत घेऊ, नाहीतर हे औषध अशाच हृदयाच्या माणसांच्या घशात जाईल. त्या शांतपणे म्हणाल्या की एका बाईपायी हजारोंचं औषध अडवायचं का, आणि तू अजून नवी आहेस, बाळ. मग मास्तरांकडे वळून म्हणाल्या, तुम्हीच समजवा हिला.

मास्तर आपल्याच मनगटावर बोट ठेवून बसले होते. ओशाळं हसले. म्हणाले, पायरी चुकली. आणि खुर्चीतून खाली —

भर दुपारी, सगळ्यांदेखत. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

मंगळवार, १० जून

कुणाला न विचारता बारावीला परत घेतलं. गणित पुरं झालं तर मॉडेलमध्ये बारावी एकटीच. बाकीचे अकरा वगळलेले. मी वगळले नाहीत.

स्पीकरवर तीन, खंड, दोन. मी प्लग ओढला. तीन, खंड, दोन. प्लग माझ्या हातात होता.

बुधवार, ११ जून

ताई आल्या. दार लावून घेतलं. मनगट माझ्यापुढे धरलं, बघ म्हणाल्या. मी बोट ठेवलं. तीन. खंड. दोन.

इतका दरारा असलेली बाई, पण लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, वहिनी, पुरे ना. माझ्या खांद्यावरून मागे कुणाकडे तरी बघत होती. मी वळले नाही.

पुढचा खंड संपलाच नाही.

इथे खोटं लिहिणार नाही. बोटाखालची नाडी थांबली तेव्हा मला बरं वाटलं. भोग आता, असं वाटलं. ते मलाच वाटलं की तिला —

गुरुवार, १२ जून

औषध थांबलं. मी मंगळवारीच बाराही नोंदी मंजुरी कार्यालयाला पाठवल्या होत्या. तिथल्या अधिकाऱ्यांनी सकाळी फोनवर दुजोरा दिला. वहिनी मोजली गेली. आता शांत होईल.

दुपार — जिना उतरताना पायरी चुकली. मागे वळून पाहिलं. पायऱ्या सगळ्या जागेवर होत्या.

वगळ म्हणाले मास्तर. बोट माझं होतं.

शुक्रवार, १३ जून

तिला मोजून घ्यायचं नव्हतंच. आता वगळायची पाळी तिची —

आईचा फोन वाजतोय. उचलत नाही. मोजणं थांबलं तर —

वहिनी, बघा, मी धरतेय ना तुम्हाला खिजगणतीत. मोठ्याने मोजतेय. एक, दोन, तीन. खंड. चार, पाच. तुम्हाला कुणी नाटकी म्हणणार नाही. मी कुणाला म्हणू देणार —

खंड लांबतोय. समोर मॉडेल चालू आहे. ते माझ्या ठोक्यांच्या एक पाऊल पुढे असतं, आणि अजून चुकलेलं नाही.

एक. दोन. तीन.

आता खंड. मग दोन यायला हवेत. मॉडेल दाखवतंय की यापुढे —