अर्ध्या बांगड्यांमधली गावं

८ ऑक्टो. ८७
वसंता, बोटीवरून घरी आलास की आपल्याच लेकीचं वय मला विचारतोस. म्हणून तारखेनिशी सांगून ठेवत्ये. सांगणं माझं, अक्षरं तुझ्या बायकोची. नंदा वीस वर्षांची आहे. (लिहिणारी सुमन म्हणते, एकवीस.) मिरजोळ्याला आमरसाच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर लागली. अजून कच्ची. पक्की करायची की नाही, साहेब सोमवारी ठरवणार.

९ ऑक्टो.
पोरगी काल न जेवता निजली. सकाळी बोलली. गिऱ्हाइकांचे पत्ते यंत्रात. नाव, कंसात शेरा, मग गाव, कंसात आणखी शेरा. शेरे तेवढे काढायचे होते. कंस म्हणजे काय, तर माझ्या फुटक्या बांगडीचे दोन तुकडे समोरासमोर ठेवलेन्. बरं. हिने यंत्राला सांगितलं, उघडत्या तुकड्यापासून मिटत्यापर्यंत सगळं काढ. त्याने ओळीतला पहिला उघडता धरला नि अगदी शेवटचा मिटता. मधलं गाव गिळलं. लांजा गेलं, गुहागर गेलं. दुसरी प्रत ठेवलेली नाही. बापाची लेक.

म्हटलं, आपल्या गड्याने, धोंडूने, हेच केलं. एका दगडी गडग्यापासून दुसऱ्यापर्यंत गवत काप म्हटलं, तर मधला गडगा ओलांडून पार टोकाच्या गडग्याला टेकला. शेजारच्या काकूंची नाचणी आडवी. पहिला गडगा आला की थांब, असं सांग की तुझ्या यंत्राला.
"आजी, ह्याला थांब म्हणायची सोयच नाही. मिळेल तेवढं खातो."
पण हसली. पेज प्यायली.

११ ऑक्टो., रवि.
दोन दिवस नंदा जुन्या कागदांवरून गावं परत भरतेय. आज सुट्टी असून कारखान्यात जाऊन यंत्राला नवा हुकूम दिलान्. उघडता तुकडा, मग मिटता सोडून काहीही, मग मिटता. म्हणजे गडगा ओलांडायचाच नाही. आधी प्रत केली, मग चार ओळींवर बघितलं. गावं जागेवर.
सुमन म्हणते, निस्तरलंस ना, मग साहेबाला कशाला सांगतेस?
"सांगणार. उद्या दुसऱ्याकडून कळलं तर मला दारात उभं करणार नाहीत."
मी सुमनला म्हटलं, हेही लिही.

१२ ऑक्टो.
सकाळच्या एस्टीने गेली. दिवेलागण झाली, अजून आली नाही. सुमन लिहिता लिहिता दाराकडे बघते, ओळ वाकडी जाते.
ही पानं उद्या तुला धाडत्ये. तिकडून कोणी येत असेल त्याच्याबरोबर खजूर पाठव, चांगला मऊ. पक्की झाली तर आळीत वाटू, नाही तर आम्ही तिघी खाऊ.