न भाजलेले वाफे

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि माझा राग अजून तुमच्या एका शेऱ्यावर अडकलेला आहे. "प्रगती समाधानकारक." एम.एस्सी.च्या संशोधनाच्या दोन वर्षांत दर सहा महिन्यांनी मी अहवाल आणून दिला. दर वेळी तुम्ही थेट शेवटचं पान उघडलंत, हेच दोन शब्द लिहिलेत आणि सही केलीत. आधीची पानं मी टाचली होती तशीच राहायची, कोपरासुद्धा दुमडलेला नसायचा.

विषय तुम्हीच दिला होतात. शहापूर-मुरबाडकडे भाताचं बी पेरण्याआधी वाफ्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. त्याने मातीत नेमकं काय बदलतं ते मला मोजायचं होतं. दोन्ही तालुक्यांत एकेक शेत, प्रत्येक शेतावर तीन वाफे भाजलेले आणि तीन न भाजलेले. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "शेतावरची कामं मुलींना झेपत नाहीत, बाई. बघा बुवा." मी बघितलं. कल्याणहून एसटी, पुढे तीन मैल पायी, येताना पिशवीत मातीचे नमुने. पहिला हंगाम जमीन शोधण्यात गेला. प्रबंध दुसऱ्या हंगामावरच उभा राहणार होता.

त्या वर्षी उन्हाळ्यात मुरबाडच्या शेतावर पोचले, तर सहाही वाफे काळे. शेताची मालकीण चुलीपुढे भाकरी थापत होती.

"मावशी, ते तीन भाजायचे नव्हते ना!"

"उघडेच पडले व्हते गो बाय," ती तव्यावरची नजर न काढता म्हणाली. "पाड्यावरची मानसा हसत व्हती, मास्तरीणबायला राब पन भाजता नाय येत. रोप नाय आला तर तुझा साहेब तुलाच वरडंल. म्हून माझाच पाला घातला."

तो पाला तिने रानातून डोक्यावर वाहून आणलेला होता. मी तिने पुढे केलेली भाकरी खाल्ली आणि परत आले. तुलनेसाठी राखलेले वाफेच गेले होते, म्हणजे अर्धं काम गेलं होतं.

पेरणीला अजून महिना होता. दुसऱ्या कुणाच्या शेतावर नवे वाफे धरता आले असते, फक्त तुमच्या सहीचं पत्र हवं होतं. त्याच आठवड्यात तिसरा अहवाल द्यायचा होता. चौथ्या पानावर मी लिहिलं: मुरबाड येथील न भाजलेले वाफेही चुकून भाजले गेले आहेत, तुलना ग्राह्य राहणार नाही, मार्गदर्शन व्हावे. तुम्ही लिहिलंत, प्रगती समाधानकारक.

मग वर्षअखेरची आढावा समिती. लांब टेबल, पलीकडे तुम्ही, विभागातले दोघे-तिघे आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. ते आकड्यांवर बोट ठेवून विचारतात, "मुरबाडच्या दोन रकान्यांत काहीच फरक कसा नाही?" मी काय घडलं ते सांगते. कुणीतरी हसतं. तुम्ही चष्मा काढता. "हे मला कधी सांगितलंत?"

"तिसऱ्या अहवालात, सर. पान चार."

तुम्ही पान उलटता. ती ओळ तिथे असते, आणि शेवटच्या पानावर तुमची सही. मग तुम्ही अहवाल मिटून म्हणता, "अशा गोष्टी तोंडाने सांगायच्या असतात, बाई."

समितीने आणखी एक हंगाम करायला सांगितलं. एक वर्ष गेलं. पुढच्या भाद्रपदात तुम्ही गेलात. पदवी मला दुसऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली मिळाली, आणि तुमच्याशी भांडायचं होतं ते तसंच राहिलं. माणूस वाचत नसेल तर त्याने सही कशाची केली, एवढंच मला विचारायचं होतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून घडलेलं सगळं लिहायला हरकत नाही. त्या तिसऱ्या अहवालाच्या दिवशी, पेनाचं टोपण काढताना, तुम्ही विचारलं होतंत, "मुरबाडला सगळं ठीक?"

मी म्हणाले होते, "हो, सर."