खोटं वजन

३ मार्च, सोमवार
नवी नोकरी! खिडकीपाशी टेबल, फुकट चहा. फक्त कीबोर्ड — शी! आधीचा माणूस त्यावरच जेवत असावा. बटणन् बटण चिकट. स्पिरिटने पुसला, तेव्हा कुठे हात लावला. काम झकास आहे. लहान मुलांच्या गाडीतल्या सीट कॉम्प्युटरवर आपटून बघायच्या. सीट आणि बाळ यांचे लाखो बारीक तुकडे करायचे आणि धडकेचा क्षण हिशेबाने हळूहळू पुढे सरकवायचा. गोम एकच, सगळा हिशेब सगळ्यात लहान तुकड्याच्या चालीने चालतो. आधीच्याचे रन, म्हणजे हे धडकेचे हिशेब, रेंगाळायचे, म्हणून साहेबांनी त्याला नारळ दिला.

५ मार्च, बुधवार
ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं बाळ अगदीच ठोकळा होतं. घरी चिमणीला, आमच्या आठ महिन्यांच्या लेकीला, मोबाइलने स्कॅन केलं आणि कॉम्प्युटरमधल्या सीटवर तिलाच बसवलं. बायको म्हणाली, लेकीला आपटायला नेतोस, काही वाटतं का? मी हसलो. पापण्या, ओठ, कानाच्या पाळ्या यांचे तुकडे फार बारीक, रन हलेना. मग नेहमीची युक्ती केली. त्या तुकड्यांवर खोटं वजन चढवलं. जड तुकडा मोठी पावलं टाकू देतो. साहेब जाम खूश.

६ मार्च, गुरुवार
चिमणीच्या कानाच्या पाळ्या लोंबतायत. खालचा ओठ उलटलाय, लाळ थांबत नाही, दाट आणि गार. डॉक्टर म्हणाले, दात येत असतील. तिची पापणी बोटाने उचलली तर चिखलाच्या गोळ्यासारखी जड. सोडली, पचकन बसली. मी बोट शर्टाला पुसलं. स्वतःच्या लेकीची किळस! हिने चिमणीला माझ्याकडून काढून घेतलं.

७ मार्च, शुक्रवार
ऑफिस गाठलं, रन बंद केला. लगेच हिचा फोन. चिमणी हलत नाही, श्वास नाही, डोळे उघडेच. रन थांबला होता तिथूनच पुन्हा सुरू केला. फोनवर चिमणीचं रडणं ऐकू आलं. देवा! म्हणजे थांबवायचा नाही. पण चालत राहिला, तर शेवटी धडकच आहे.

१० मार्च, सोमवार
खोटं वजन सगळं काढलं. रन आता मुंगीच्या पावलाने. धडक यायला वर्षं लागतील. घरी पापण्या पहिल्यासारख्या. चिमणीची लाळ माझ्या गालाला लागली, पुसलीसुद्धा नाही.

११ मार्च, मंगळवार
साहेब भडकले, रन का रेंगाळतोय? म्हणाले, उद्या रजा घे, डोकं थंड कर. तुझं काम मी बघतो.

१२ मार्च, बुधवार
ओठ पुन्हा — हनुवटीखाली. कातडी नागमोडी, वर-खाली, वर-खाली, सबंध पोटभर. दुखत नाही तिला. हसतेय. शी — हसतेय —

साहेबांना फोन केला. आनंदात होते. म्हणाले, सगळ्याच तुकड्यांना वजन चढवलं, आता सुसाट, जेवायच्या सुट्टीपर्यंत निकाल. थांबवा म्हणालो — नाही, थांबवू नका, हळू करा, हळू — फोन ठेवला त्यांनी.

ऑफिसला पळावं तर चिमणी मांडीवर, उचलवत नाही. मांडी बधिर. घट्ट धरलंय, सीटच्या पट्ट्यासारखं. ही विचारतेय, हात असे पुढे का केलेत तिने —

मान — पुढे —