बिनआकड्यांचा मीटर

६ जानेवारी

शहागंजातलं नवं काम आवडलं. सत्यभामाबाईंचे यजमान काकासाहेब जुनी अवजारं जमवायचे. ते गेले, आता बाईंना सगळं संग्रहालयाला द्यायचंय. कुठली वस्तू कशाची, ते ओळखून चिठ्ठ्या लावायला मला बोलावलंय. माझं आयुष्य विजेचे मीटर दुरुस्त करण्यात गेलं, त्यामुळं मेगर, गॅल्व्हानोमीटर लगेच ओळखले. दोरीचा फास लावलेल्या एका दांडक्यानं मात्र चक्रावून सोडलं. नाल ठोकताना घोडा हलू नये म्हणून त्याचा ओठ यात आवळतात म्हणे! खिडकीशी बसून चहा प्यालो. आमची लेक रूपा डेंग्यूनं गेली, त्यानंतर पहिल्यांदाच दिवस बरा गेला.

८ जानेवारी

एक मीटर काही ओळखू येईना. सागवानी पेटी, काचेखाली काटा, वर पितळेचे दोन खुंट. तबकडीवर एकही आकडा नाही. उघडून पाहिलं, तर आत वायरसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, "लई जपायचे ते याला. कशाचं हाय, तेवढं सांगा." मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं बघून त्यांनी मला विचारलं, हे कोण? काकासाहेबच की, म्हणालो. वयानं होत असेल.

१० जानेवारी

दुपारी दोन्ही खुंट धरून पाहिले. काटा थरथरला आणि माझं बोट कुणीतरी धरलं. लहान, गरम मूठ. रस्त्यात ट्रक आला की रूपा अशीच धरायची. तिच्या अंगठ्यावरची चामखीळसुद्धा लागली. टेबलावर डोकं टेकून रडलो. बाई जवळ येऊन बसल्या. त्यांनाही त्यात यजमानांचा हात लागायचा म्हणे. आता नुसताच कुणाचा तरी लागतो.

१३ जानेवारी

रोज धरतो. मूठ रोज जास्त घट्ट होते.

आज शेंद्र्याला घरी जाताना रूपाचा आवाज आठवून पाहिला. आलाच नाही. ती मला पप्पा म्हणायची की बाबा?

बाईंना विचारलं, हे असंच होतं का? त्यांनी मान खाली घातली. व्हय, म्हणाल्या.

१५ जानेवारी

धरायचं नाही ठरवलं होतं. धरलं.

घरी बायको अमृता एक फ्रॉक छातीशी घेऊन बसली होती. मी विचारलं, कुणाचा गं हा? ती माझ्याकडं बघतच राहिली. मग जे रडली— आपली पोर होती, म्हणाली. आपली रूपा. मी मान हलवली. काही म्हणजे काहीच आठवलं नाही—

१६ जानेवारी

पेटी फोडायला हातोडा उचलला. बाई आडव्या आल्या. काटा आपोआप हलत होता—

खुंटाला हातही लावला नाही, तरी माझं बोट कुणीतरी धरलंय. ओढतंय. लहान मूल असावं. कुणाचं असेल— अंगठ्याला काहीतरी खरखरीत—

सोडवून घ्यायला गेलो, तर ते रडायला लागलं. मला हाक मारतंय, मला म्हणतंय—